परीख पुलाखाली पाणी आले, हे सगळ्यांना एकाच वेळी कळले तर? ‘सुमो’ या वाहतूक-सिम्युलेटरचे कोल्हापुरातून केलेले परीक्षण

‘सुमो’ म्हटले की आपल्याकडे आधी जीप डोळ्यांसमोर येते. मी जिच्याविषयी लिहिते आहे ती सुमो मात्र संगणकप्रणाली आहे. ती पडद्यावर शहराचे रस्ते उभे करते आणि त्यांवरून हजारो वाहने एकेका सेकंदाच्या हिशेबाने चालवून दाखवते. ‘सिम्युलेशन ऑफ अर्बन मोबिलिटी’ या नावाचे ते लघुरूप आहे. जर्मन एअरोस्पेस सेंटरच्या बर्लिन येथील वाहतूक संशोधकांनी ती तयार केली, २००१ पासून ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे आणि २०१७ पासून ती एक्लिप्स फाउंडेशन या खुल्या संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या संस्थेचा प्रकल्प म्हणून वाढते आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर ती चालते. परवाना विकत घ्यावा लागत नाही, ही गोष्ट आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या शिक्षकांसाठी किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

मी येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवते आणि राजारामपुरीत राहते. जोराचा पाऊस झाला की रेल्वेच्या परीख पुलाखालून जाणाऱ्या रस्त्यावर पाणी साचते आणि राजारामपुरीतून शाहूपुरीकडे किंवा बसस्थानकाकडे निघालेल्यांना दुसरी वाट धरावी लागते. अशाच एका संध्याकाळी मी रिक्षात अडकले होते. पुढच्या-मागच्या प्रत्येक गाडीतल्या फोनवर तोच निळा पर्यायी रस्ता दिसत होता आणि पाहता पाहता तो रस्ताही तुंबला. रिक्षावाले मामा म्हणाले, “मॅडम, त्यो मॅप समद्यास्नी एकच बोळ दावतोय बघा. मग बोळातनं जायाचं कुणी?” त्यांच्या या प्रश्नासाठीच मी सुमो शिकायला घेतली. रस्त्याची ताजी माहिती प्रत्येक चालकापर्यंत पोहोचली, तर कोंडी खरोखर कमी होते, की फक्त तिची जागा बदलते?

प्रत्यक्ष रस्त्यावर याचा प्रयोग करता येत नाही. एका संध्याकाळी निम्म्या कोल्हापूरकरांचे फोन काढून घ्यायचे, दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांना परत द्यायचे आणि दोन्ही दिवशी पाऊस, गर्दी, सिग्नल अगदी तेच ठेवायचे, हे कोणाच्याही हातचे नाही. सिम्युलेटरमध्ये मात्र तीच गर्दी, तीच वाहने आणि तोच बंद पूल ठेवून केवळ माहिती मिळणाऱ्या चालकांचे प्रमाण बदलता येते. या विषयाला सैद्धांतिक पायाही जुना आहे. प्रत्येक जण स्वतःपुरता सर्वांत जलद रस्ता निवडू लागला की जी स्थिती येते, ती आणि सर्वांचा मिळून वेळ कमीत कमी लागेल अशी स्थिती, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे वाहतूक-अभ्यासक जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच स्पष्ट केले होते. चालकांना माहिती पुरवणाऱ्या व्यवस्थांबाबत बेन-अकिवा, द पाल्मा आणि कायसी यांनी १९९१ मध्ये तीन धोके सांगितले: माहितीचा भार इतका होणे की चालकाला ती पेलवू नये, पुष्कळ चालकांनी एकाच बातमीवर एकदम प्रतिक्रिया देणे, आणि एरवी विखुरलेली वाहने एकाच मार्गावर एकवटणे. मामांनी सांगितलेला बोळ हा यातला तिसरा धोका आहे.

आता प्रणालीविषयी. सुरुवात अनपेक्षितपणे सोपी आहे. सुमोसोबत येणारा एक विझार्ड, म्हणजे पायरी-पायरीने काम करवून घेणारा मदतनीस, ब्राउझरमध्ये नकाशा उघडतो. आपण हवा तेवढा चौकोन निवडायचा, डाव्या बाजूने वाहतूक चालते या पर्यायावर खूण करायची, कोणत्या प्रकारची वाहने हवीत ते सांगायचे, आणि ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही सुधारता येणाऱ्या खुल्या नकाशावरून रस्ते उतरवून घेऊन काही मिनिटांत दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक ही सगळी ठिकाणे पडद्यावर दिसू लागतात आणि त्यांतून लहान लहान पिवळी वाहने धावू लागतात. वर्गात मुलांना हे पहिल्यांदा दाखवले तेव्हा प्रत्येकाने आधी आपापली गल्ली शोधली.

पण हे चित्र पाहून कोणी निष्कर्ष काढू नयेत. विझार्डने सोडलेली वाहने यादृच्छिक असतात. कोठूनही निघून कोठेही जातात. सकाळी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा लोंढा आणि मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी त्यांत नसते. शिवाय नकाशावर ज्या रस्त्याच्या मार्गिकांची संख्या नोंदलेली नाही, तेथे प्रणाली रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज बांधते. सिग्नलच्या वेळाही तिच्या अंदाजाच्याच असतात. जुन्या गावातील पापाची तिकटी, मिरजकर तिकटी यांसारखी ठिकाणे, जेथे तीन-चार वाटा तिरक्या येऊन मिळतात, ती एकेक करून हाताने दुरुस्त करावी लागतात. त्यासाठी सुमोचा स्वतःचा नकाशा-संपादक आहे आणि तो मला उत्तम वाटला. एकदिशा मार्ग, वळणबंदी, सिग्नलच्या वेळा, बसथांबे हे सारे त्यात माऊसने बदलता येते. आमचे पहिले तीन आठवडे याच कामात गेले, आणि ते वाया गेले असे मला मुळीच वाटत नाही. शहराच्या रस्त्यांकडे इतक्या बारकाईने मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

वाहनांच्या मागणीसाठी आम्ही सरळ चौकांत उभे राहून मोजणी केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या आणि संध्याकाळच्या वेळी प्रत्येक वळणाची वाहने प्रकारवार टिपली. अशा मोजणीशी जुळतील असे मार्ग निवडून देणारे साधन सुमोमध्ये आहे. ज्या शहराचे कोण कोठून कोठे जाते याचे तपशीलवार सर्वेक्षण हाती नाही, तेथे हे साधन म्हणजे मोठा आधार आहे. तरीही मी येथे टक्केवारीत निष्कर्ष देणार नाही. दोन-तीन संध्याकाळच्या मोजणीवर उभ्या केलेल्या प्रतिकृतीतून दिशा कळते. दशांश चिन्हापुढचे आकडे छापण्याइतका भरवसा त्यातून मिळत नाही.

ज्यासाठी हा खटाटोप केला, ती सोय या प्रणालीत फार विचारपूर्वक बसवलेली आहे. प्रत्येक वाहनाला मार्ग बदलणारे एक काल्पनिक उपकरण देता येते. किती टक्के वाहनांकडे ते असावे, त्यांनी दर किती सेकंदांनी मार्ग नव्याने तपासावा आणि प्रवासवेळेची माहिती किती काळाच्या सरासरीवरून घ्यावी, या तिन्ही गोष्टी आपल्या हातात असतात. मूळ मांडणीत, म्हणजे आपण काही बदलले नाही तर, ही सरासरी मागच्या १८० सेकंदांची, म्हणजे तीन मिनिटांची असते. ज्यांच्याकडे उपकरण नाही ती वाहने निघताना ठरलेल्या मार्गावरूनच जातात, पुढे कितीही रांग असली तरी. म्हणजे फोन पाहणारा आणि न पाहणारा हे दोन्ही चालक एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभे करता येतात.

आम्ही परीख पूल बंद ठेवला आणि हे प्रमाण शून्यापासून टप्प्याटप्प्याने शंभरापर्यंत नेले. सुरुवातीच्या टप्प्यांत चित्र सुखावणारे होते. थोड्या वाहनांना माहिती मिळाली, त्यातली काही उमा टॉकीजच्या बाजूने लक्ष्मीपुरीकडे उतरली, काही टेंबलाई उड्डाणपुलाकडे वळली, आणि ज्यांच्याकडे कसलीच माहिती नव्हती त्यांचीही रांग तेवढी आखूड झाली. माहितीचा फायदा माहिती नसणाऱ्यालाही होतो, ही गोष्ट पडद्यावर पाहताना मला मनापासून आनंद झाला. पुढे प्रमाण वाढत गेले तसा प्रत्येक नव्या टप्प्याचा लाभ कमी होत गेला. आणि जवळपास सर्व वाहनांना उपकरण देऊन सर्वांनी दर पाच मिनिटांनी मार्ग तपासावा असे ठरवले, तेव्हा लक्ष्मीपुरीकडचा रस्ता मोकळा दिसताच सगळा लोंढा तिकडे, तो तुंबताच सगळा लोंढा उड्डाणपुलाकडे, असा झोका सुरू झाला. याचे कारण प्रणालीच्या रचनेतच स्पष्ट दिसते. उपकरण सांगते ते आत्ताच्या स्थितीविषयी. आपण तेथे पोहोचू तेव्हाची स्थिती ते सांगत नाही, आणि आपल्यासोबत आणखी किती जणांना हाच सल्ला मिळाला आहे तेही त्याला ठाऊक नसते. वाहनांच्या तपासणीच्या वेळा एकमेकांपासून पुढेमागे केल्यावर हा झोका पुष्कळ मंदावला. सरासरी अधिक लांब काळाची घेतली तर बातमी उशिरा कळते आणि अगदी लहान काळाची घेतली तर एखाद्या सिग्नलच्या लाल दिव्यालाही प्रणाली कोंडी समजते. मधला बिंदू शहरागणिक शोधावा लागतो.

सुमो वापरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने एका गोष्टीची तुलनेआधी काळजी घ्यावी, आणि माझ्या मते या संपूर्ण परीक्षणात हीच सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. माहिती ‘नसलेल्या’ चालकाला आपण काय ठरवतो, यावर माहितीचा लाभ किती दिसेल ते अवलंबून असते. आम्ही प्रथम अशा चालकांना अंतराने सर्वांत जवळचा रस्ता दिला होता. साहजिकच ते सगळे दररोज तिठ्यांवर गुदमरत होते आणि त्यांच्या तुलनेत माहिती मिळणारे चालक फारच शहाणे ठरत होते. पण राजारामपुरीत वीस वर्षे राहणारा माणूस अंतर मोजून रस्ता निवडत नाही. शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्या गल्लीतून जायचे नाही, उसाचा हंगाम सुरू झाला की कसबा बावड्याच्या रस्त्याला दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे किती वेळ जातो, हे त्याला फोनशिवाय माहीत असते. सुमोमध्ये यासाठी दुसरी पद्धत आहे: तोच दिवस पुन्हा पुन्हा चालवायचा, प्रत्येक फेरीनंतर वाहनांनी मागच्या अनुभवावरून मार्ग सुधारायचे, आणि कोणालाही एकट्याने मार्ग बदलून लाभ होणार नाही अशा वॉर्ड्रॉप यांच्या समतोलाजवळ पोहोचायचे. असे सवयीने शहाणे झालेले चालक पाया म्हणून धरले, तेव्हा नेहमीच्या संध्याकाळी ताज्या माहितीने फारसा फरक पडेना. फरक पडला तो नेहमीची नसलेली संध्याकाळ असेल तेव्हा. पूल अचानक बंद झाला, एखाद्या चौकात मालट्रक बंद पडला, की सवय निरुपयोगी होते आणि माहिती कामी येते. पहिला पाया धरून मी एखादा अहवाल लिहिला असता तर तो दिसायला प्रभावी आणि आशयाने चुकीचा झाला असता.

भारतीय रस्त्यांसाठी ही प्रणाली कितपत योग्य आहे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. तिच्यात मुळात वापरलेले वाहन-अनुसरणाचे प्रारूप क्राउस यांचे आहे: पुढचे वाहन थांबले तर आपल्यालाही न धडकता थांबता यावे, इतकाच वेग प्रत्येक वाहन ठेवते. उभ्या वाहनांमध्ये किमान अडीच मीटर अंतर राहील असे ती गृहीत धरते आणि वाहने मार्गिकेत एकामागे एक चालतात. महाद्वार रोडवर अडीच मीटरात दोन दुचाकी आणि एक हातगाडी मावते. हे अंतर कमी करता येते, आणि मार्गिकेचे उभे अरुंद पट्टे पाडून एकाच मार्गिकेत वाहने शेजारी शेजारी चालू देण्याचीही सोय आहे. ती सुरू केल्याशिवाय कोल्हापूरचे सिम्युलेशन करूच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. तिने गणना मंदावते, पण सिग्नलला दुचाकी फटीफटीतून पुढे येऊन उभ्या राहतात ते निदान दिसू लागते. वडाप (शेअर) रिक्षा प्रवाशासाठी कोठेही थांबते, तिचे वर्तन मात्र आपल्यालाच लिहून द्यावे लागते. पीटीव्ही कंपनीची व्हिसिम ही व्यावसायिक प्रणाली मार्गिका न पाळणाऱ्या मिश्र वाहतुकीसाठी आपल्या देशात बरीच वापरली जाते, पण ती विकत घ्यावी लागते आणि तिचे अंतरंग सुमोसारखे खुले नाही.

आणखी एक मूळ मांडणी नवख्याला फसवू शकते. एखादे वाहन ३०० सेकंद जागचे हलले नाही, तर सुमो त्याला उचलून मार्गात पुढे जेथे जागा असेल तेथे ठेवते. रस्त्यांचे जाळे कायमचे गोठू नये म्हणून ही तजवीज आहे आणि प्रत्येक वेळी तसा इशाराही दिला जातो, पण तो न वाचता निकाल पाहिले तर कोंडी आपोआप विरघळल्याचा भास होतो. आपल्याकडे गणेश विसर्जनाच्या दिवशी पाच मिनिटे एका जागी थांबणे म्हणजे थांबणे नव्हेच. ही सोय बंद करता येते; ती बंद करून, आणि जागा नसल्यामुळे जाळ्यात शिरूच न शकलेल्या वाहनांचा प्रतीक्षाकाळ प्रवासवेळेत मिळवून मगच आकडे पाहावेत. तसेच प्रणालीतील यादृच्छिकतेचे बीज, म्हणजे यादृच्छिक आकडे ज्या संख्येपासून तयार होतात ती, ठरलेले असल्याने तीच फाइल कितीही वेळा चालवली तरी तेच उत्तर येते. बीज बदलून अनेक फेऱ्या कराव्यात.

नवरात्रासाठी मी केलेला प्रयोग मात्र प्रणालीचे मूल्य खऱ्या अर्थाने दाखवून गेला. या दिवसांत बाहेरगावची वाहने तावडे हॉटेलच्या बाजूने शहरात येतात, आणि त्यांच्या चालकांना ना सवयीचे ज्ञान असते ना पार्किंगची कल्पना. सुमोमध्ये वाहनतळ मांडता येतात, त्यांची क्षमता ठरवता येते आणि एक भरला की वाहनांना दुसऱ्याकडे वळवता येते. बिंदू चौकातील वाहनतळ भरला आहे हे चालकाला तेथे पोहोचल्यावर कळणे आणि कावळा नाक्यालाच कळणे, या दोन स्थिती आम्ही शेजारी शेजारी चालवल्या. पहिल्या स्थितीत वाहनतळ शोधत घिरट्या घालणारी वाहने जुन्या गावातल्या अरुंद रस्त्यांवर साठत गेली. दुसऱ्या स्थितीत ती तेथवर गेलीच नाहीत. येथे मार्गाच्या माहितीपेक्षा मुक्कामाच्या माहितीने अधिक काम केले. शहराच्या वेशीवर रिकाम्या जागांचा आकडा दाखवणारा एक फलक किती उपयोगी पडेल, हे पटवून द्यायला यापेक्षा चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

पुराच्या बाबतीत मात्र प्रणाली एका मर्यादेपाशी थांबते. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला आणि मालट्रकांच्या रांगा लागल्या. सुमोमध्ये ठरावीक वेळी रस्ता बंद करणे सोपे आहे. पण जेथे दुसरा रस्ताच नाही तेथे मार्ग बदलणारे उपकरण काय बदलणार? अशा वेळी माहितीचा खरा उपयोग घरातून किंवा साताऱ्याहून निघण्यापूर्वी असतो: प्रवास पुढे ढकलणे, रद्द करणे. प्रवास करावा की नाही हा निर्णय सुमोतील वाहन स्वतःहून घेत नाही. बाहेरून आज्ञा देण्याची जी सोय प्रणालीत आहे, तिच्यामार्फत पायथॉन या संगणकभाषेत ते वर्तन लिहावे लागते. माझ्या एका विद्यार्थिनीने ते चिकाटीने लिहिले. तिच्या प्रतिकृतीत नदीची पातळी इशाऱ्याच्या खुणेवर आली की काही वाहने निघतच नाहीत. या प्रश्नावर आमचे काम अजून सुरू आहे.

शिकायला लागणारा वेळ प्रामाणिकपणे सांगायला हवा. फाइली मजकुराच्या स्वरूपात असतात, बरेचसे काम आज्ञा टंकून करावे लागते, आणि मराठीत मार्गदर्शिका नाही. इंग्रजी मार्गदर्शिका मात्र सविस्तर आहे आणि उदाहरणांसह आहे. पायथॉनची तोंडओळख असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला महिनाभरात ती वापरता येऊ लागते. साध्या लॅपटॉपवर शहराच्या मध्यभागाचे जाळे व्यवस्थित चालते. सगळे कोल्हापूर पट्ट्यांच्या पद्धतीने चालवायचे असेल, तर संगणक रात्रभर सुरू ठेवण्याची तयारी ठेवावी. केवळ एका चौकाचा सिग्नल सुधारायचा असेल, तर एवढा पसारा मांडण्याची गरज नाही. पण रस्ते, चालक आणि माहिती यांचा एकमेकांवर होणारा परिणाम ज्याला अभ्यासायचा आहे, त्याला मी ही प्रणाली निःशंकपणे सुचवेन.

जाळे दुरुस्त करताना ज्या चुका सापडल्या, म्हणजे नकाशावर नसलेले एकदिशा मार्ग आणि चुकीची नोंदलेली वळणे, त्या आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवरच सुधारून ठेवल्या आहेत. यापुढे जो कोणी विझार्डमध्ये कोल्हापूरचा चौकोन निवडेल, त्याला मिरजकर तिकटी आमच्यापेक्षा बऱ्या स्थितीत मिळेल. पापाच्या तिकटीचे काम अजून बाकी आहे.